‘आपण’ म्हणजे कोण

टपालवाल्याने पत्र नेहमीप्रमाणे आजोबांच्या हातात दिलं आणि आजोबांनी ते नेहमीप्रमाणे फोडलं. पाकिटावर नाव मात्र, नेहमीप्रमाणेच, वेलांटीचं होतं.

यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घराचा खालचा मजला म्हणजे छापखाना, आणि छापखान्यात आलेला कुठलाही मजकूर आधी आजोबांच्या टेबलावर जायचा. मग ती साबणाची जाहिरात असो, ‘अंधार पडताच दिवे मालवा’ ही सरकारी सूचना असो, नाहीतर आघाडीवरून नातीला आलेलं पत्र असो. आजोबा तांबडी पेन्सिल कानावरून काढत, ऱ्हस्वाचं दीर्घ करत, स्वल्पविराम उपटत, आणि मगच तो कागद वर जेवणाच्या टेबलावर येई. तिथे तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जाई. त्याआधी लष्कराच्या तपासनीसाने त्यावर काळी शाई फासलेली असायचीच. काळ्या आणि तांबड्याच्या तावडीतून जे वाचेल, ते वेलांटीने वाचायचं.

वेलांटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा आईच्या दंडाला अशी वळसा घालून पडली होती की आजोबा म्हणाले, “अरे, ही तर वेलांटी!” तेव्हापासून खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. ती वेलांटी पहिली की दुसरी, यावरही घरात मतभेद होते. पण त्या घरात मतभेद कशावर नव्हते?

पत्र लिहिणारा तो जुळारी. शिशाचे खिळे एकेक उचलून मजकूर जुळवणारा. याच छापखान्यात, खिडकीजवळच्या खणापाशी तो उभा असायचा. लढाईचं बोलावणं आलं आणि तो गेला, तेव्हा त्याच्या जागेवर वेलांटी उभी राहिली. कोणत्या खान्यात ‘क’ आणि कोणत्या खान्यात ‘ळ’ हे तिला त्यानेच शिकवलं होतं. शिकवताना आणखी काय काय बोलणं झालं, ते घरात कुणी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. पण पहिलं पत्र आलं तेव्हा सगळं कळलं. ‘खिडकीतलं ऊन तुझ्या केसांवर यायचं ते आठवतं,’ असं त्यात होतं. आजोबांनी ‘केसांवर’भोवती वर्तुळ काढून समासात लिहिलं होतं: अनावश्यक.

तेवढ्यावर थांबते ते आजोबा कसले? त्यांनी उलट टपाली कळवलं: ‘मजकूर वडीलधाऱ्यांसमोर वाचला जातो याचे भान असावे. घरच्या मुलीस “तू” लिहिणे शोभत नाही. यापुढे “आपण” वापरावे.’ जुळारी बिचारा आज्ञाधारक. वर्षानुवर्षं आजोबांनी खूण केली की खिळा बदलायची सवय. त्याने खिळा बदलला. पुढच्या पत्रापासून वेलांटी ‘आपण’ झाली.

आणि तो ‘आपण’ आज घरावर उलटला होता.

आजोबांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचायला घेतलं. टेबलाभोवती आत्या, काका, आई आणि वेलांटी. मधे बटाट्याचं सूप थंड होत होतं.

“‘स. न. वि. वि. आपण पाठवलेले मोजे मिळाले. आपल्या घरातील सर्वांस माझा नमस्कार सांगावा. इथे थंडी फार आहे. गेल्या उन्हाळ्यात आपण नदीवर गेलो होतो, त्याची आठवण येते—’”

“थांबा,” आत्या म्हणाली. “नदीवर कधी गेला होतात?”

“छापखान्याची फडकी धुवायला,” वेलांटी म्हणाली.

“फडकी धुवायला दोघं लागतात?”

“शाई घट्ट होती.”

“पुढे वाचू का?” आजोबा म्हणाले. “‘लढाई लवकर संपेल अशी चिन्हे नाहीत. तेव्हा नुसती वाट पाहण्यात अर्थ नाही. आपण लग्न करावे, असे मला मनापासून वाटते. आमची तुकडी लवकरच इथून हलणार आहे. नंतरचा पत्ता मलाच माहीत नाही. तरी उत्तर तातडीने द्यावे. आपला...’ आणि पुढे सही.”

 मग काकांनी चमचा खाली आपटला आणि हात पसरले. “घ्या! मागणी घातली पोराने! अभिनंदन!”

“मागणी कसली?” आत्या म्हणाली. “सोडलं त्याने तिला. बिचाऱ्याने मोठ्या मनाने सांगितलं की बाई, माझी वाट पाहू नका, आपण लग्न करून मोकळ्या व्हा.”

“‘आपण’ म्हणजे आपण दोघं!”

“‘आपण’ म्हणजे तुम्ही!”

मग दोघांनी एकदम आजोबांकडे पाहिलं. आजोबांच्या आयुष्यात असे क्षण फार आले नव्हते. त्यांनी पत्र टेबलावर सपाट ठेवलं, त्यावरून तळहात फिरवला आणि आवाज थोडा खाली नेला.

“एका मजकुरात एका शब्दाचा अर्थ एकच धरावा. ‘आपण पाठवलेले मोजे’ असं तो वर म्हणतो. मोजे काय त्याने आणि हिने मिळून पाठवले? स्वतःच पाठवले आणि स्वतःलाच मिळाले? नाही. तेव्हा आपण म्हणजे तुम्ही.”

“आणि ‘आपण नदीवर गेलो होतो’चं काय?” काका म्हणाले.

“तिथे ‘गेलो’ आहे. ‘गेलो’ म्हटलं की कर्ता तोंड दाखवतो. ‘करावे’मध्ये तो तोंड लपवून बसतो. व्याकरण काय करणार त्याला?”

“ज्याला स्वतःचा कर्ता नीट मांडता येत नाही,” आत्या म्हणाली, “तो संसार काय मांडणार?”

वेलांटी पत्राकडे बघत होती. उलट्या बाजूने वाचायची तिला सवय होती; खिळे उलटेच जुळवायचे असतात. ‘आपण लग्न करावे.’ उलटं वाचलं, सुलटं वाचलं. त्याचं अक्षर तिला तिच्या स्वतःच्या हाताइतकं माहीत होतं, पण अक्षर काही बोलेना.  हा ‘आपण’ जर ‘तुम्ही’ असेल, तर तो गेला. रीतसर नमस्कार करून, मोज्यांचे आभार मानून गेला. आणि तिने ‘हो’ लिहिलं, तर हात सोडवून घेणाऱ्या माणसाच्या गळ्यात पडल्यासारखं होईल. पण जर तो ‘दोघं’ असेल, आणि इथून ‘आपला सल्ला मिळाला’ असं थंड उत्तर गेलं, तर तिथल्या थंडीत त्याचं काय होईल?

“विचारून घ्यावं ना सरळ,” काका म्हणाले.

“काय विचारायचं?” आत्याने विचारलं. “की बाबा रे, तू मला मागणी घातलीस की नाही, ते उलट टपाली कळव? आणि पत्ता कुठे राहणार आहे तोवर? एकच उत्तर पोचलं तर पोचेल.”

आई आतापर्यंत काही बोलली नव्हती. वेलांटीचे वडील गेल्यापासून ती या टेबलावर वाढायचं काम करायची आणि मत स्वयंपाकघरात ठेवून यायची. आज तिने सुपाचं भांडं खाली ठेवलं.

“मला यातलं कळत नाही. पण कोपऱ्यावरच्या शिंपिणीकडे परवा लष्कराचा माणूस आला होता. टोपी काढून उभा होता दारात. मला माझ्या दारात तसा माणूस नको. जावई घरात चालताना दिसेल असा हवा. मग त्याला आपण म्हणा नाहीतर तुम्ही म्हणा.”

आई खरं बोलली होती, आणि त्या टेबलावर खरं बोललं की लोक सुपाकडे बघत.

बाकीच्यांचं व्याकरण कुठून येत होतं, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. जुळाऱ्याचा मामा कागदाच्या गोदामावर होता. लढाई सुरू झाल्यापासून कागद सोन्यासारखा झाला होता, आणि मामाच्या कृपेने काकांना अधूनमधून जास्तीचं एखादं बंडल मिळे. तेव्हा काकांच्या कानाला ‘आपण’मध्ये दोघंच ऐकू येत. आत्याने इकडे चष्मेवाल्याचं स्थळ लावून ठेवलं होतं. मोठ्या रस्त्यावर चष्म्यांचं दुकान, माणूस सज्जन, आणि मुख्य म्हणजे लष्कराने त्याला नापास केलेला. चष्मेवाल्याची नजरच इतकी अधू होती की तपासणीच्या वेळी त्याने डॉक्टरऐवजी कोटाच्या खुंटीला सलाम केला होता, असं म्हणत.

“रविवारी दुपारी येताहेत ती मायलेकरं चहाला,” आत्याने जाहीर केलं. “तोवर विचार करा. पत्र कसं अगदी वेळेवर आलं बघ वेलांटी. त्याने तुला मोकळं केलं आणि इकडे माणूस दारात.”

“मी बोलावलं नव्हतं त्याला,” वेलांटी म्हणाली.

“तू कशाला बोलावशील? मी आहे ना.”

ते दोन-तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. काका जिन्यात गाठून म्हणत, “अगं, पोरगा मरणाच्या दारातून तुला हाक मारतोय!” आजोबा गॅलीचा कच्चा छाप तपासता तपासता मधेच मान वर करून म्हणत, “मोजे! मोजे विसरू नका!” आत्याने तर वेलांटीच्या नखांतली शाई काढायला लिंबू आणून ठेवलं. एका दुपारी कामाच्या नादात वेलांटीने साबणाच्या जाहिरातीत ‘आपण हा साबण वापरावा’ हे वाक्य जुळवलं, आणि खिळे जुळवायची स्टिक हातात धरून तशीच उभी राहिली. जाहिरातीतला ‘आपण’ कुणाला लागत होता, यात कधी कुणाला शंका आली होती का? साबणवाल्याला कधी कुणी विचारलं होतं का, की आपण म्हणजे तुम्ही वापरायचा की आपण दोघांनी मिळून? तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, तेव्हा तिने मान वळवून शाईचा डबा उगाचच उघडला.

रविवारी चष्मेवाला आला. काचा पेपरवेटसारख्या जाड, त्यामागे डोळे दोन लहान बटणांसारखे. कोट स्वच्छ, वागणं मऊ. पाठोपाठ त्याची आई. तिला चष्मा नव्हता. तिलाही जरूर होती, पण लोक म्हणतील पोराने पहिलं गिऱ्हाईक घरातच गाठलं, म्हणून ती डोळे बारीक करून भागवायची. बारीक डोळ्यांनी तिने खोली पाहिली, खुर्चीवरचे आजोबा पाहिले, त्यांच्या शेजारी उभी असलेली आत्या पाहिली, आणि दोन्ही हात पुढे करून ती आत्याकडे गेली.

“आजीबाई, बसा ना, उभ्या का? या वयात उभं राहू नये. किती छान वाटतं बघा, तुम्हा दोघांना असं शेजारी शेजारी बघून. किती वर्षं झाली लग्नाला?”

आत्या आजोबांची मुलगी. केसांना काळा रंग लावून तिला अजून पुरते दोन महिनेही झाले नव्हते.

“हे माझे वडील आहेत,” आत्या म्हणाली. खोलीतला चहा जणू जागच्या जागी गार झाला.

“अगंबाई, हो का? आवाजावरून मात्र तरुण वाटता हो तुम्ही,” चष्मेवाल्याची आई म्हणाली, आणि समाधानाने बसली.

 बिस्किटांची बशी आत्याने चष्मेवाल्याच्या आईपासून जरा लांबच ठेवली.

इकडे चष्मेवाल्याने काकांशी कामाचं बोलणं काढलं. त्याला दुकानात लावायला नजर तपासायचे तक्ते हवे होते. वर घोड्याएवढं अक्षर, खाली येता येता मुंगीएवढं. आणि एक-दोन नव्हे. त्याचे भाऊबंद गावोगाव याच धंद्यात होते, सगळ्यांना हवे होते, आणि दर वर्षी नवे.

“दर वर्षी?” काका म्हणाले.

“पिवळे पडतात ना.”

काकांनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते वेलांटीने अगदी जवळून पाहिलं. लांबच्या गोदामातलं एखादं बंडल आणि दारात आलेले तक्ते यांच्यामधे काकांची नजर एकदा गेली आणि परत आली. मग ते उठून आजोबांच्या कानाशी लागले, आणि त्यांची कुजबूज नेहमीप्रमाणे रस्त्यापर्यंत ऐकू गेली:

“बाबा, मी नीट विचार केला. तुमचंच बरोबर. आपण म्हणजे तुम्ही. मोजे!”

पण आजोबा ऐकत नव्हते. ते चष्मेवाल्याकडे वळले होते. “तक्त्यावर मजकूर कोणता घालायचा? मी दोन-तीन चांगली वाक्यं काढून देतो. शुद्ध, प्रमाण...”

“छे छे, वाक्यं कशाला?” चष्मेवाला म्हणाला. “अर्थ नकोच. अर्थ असला की लोक अंदाजाने वाचतात. काहीही अक्षरं टाका. ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा कोण बघतो? दिसलं म्हणजे झालं.”

आजोबांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं, परत कानावर ठेवली. “दिसलं म्हणजे झालं,” ते हळूच म्हणाले. सगळी हयात त्यांनी जे केलं, ते या माणसाने तीन शब्दांत निकालात काढलं होतं.

“धंदा बरा चाललाय मग?” आईने विचारलं. ती पुन्हा चहा ओतत होती.

“अगदी झकास,” चष्मेवाला मनापासून म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. माणूस खरंच सज्जन होता. “दिवे मालवायचा हुकूम निघाला ना, तेव्हापासून लोक मिणमिणत्या उजेडात वाचतात, शिवतात. डोळे धडाधड बिघडतायत. लढाई अजून वर्ष-दीड वर्ष टिकली, तर दुसरं दुकान टाकायचा विचार आहे.”

आईचा हात थांबला. चष्मेवाल्याचा कप अर्धाच भरला होता. तिने किटली सरळ केली, तो अर्धा कप बशीसकट उचलला आणि आत घेऊन गेली.

तिच्यामागून आत्या गेली. मग आजोबा. मग काका. पाहुण्यांना “आलोच हं” असं म्हणून एकेक जण स्वयंपाकघरात गेला, आणि वेलांटी दारात उभी राहून ऐकत राहिली.

“मी आधीपासून म्हणतेय,” आत्या दबक्या आवाजात म्हणत होती, “त्या पोराने स्पष्ट लिहिलंय, आपण लग्न करावे. दोघांनी! आणखी कसं लिहायचं त्याने? बँड लावून?”

“तू तर म्हणालीस सोडलं त्याने,” काका म्हणाले.

“मी? मी असं म्हणेन? आणि तूच ना अभिनंदन करत होतास?”

“ते भावनेच्या भरात. व्याकरण बघायला नको का? मोजे बघा!”

“मोज्यांचं काय घेऊन बसलास!” आजोबा म्हणाले. “एका शब्दाला दोन अर्थ असणं ही भाषेची श्रीमंती आहे. पोरगा भाषा जाणतो. मी तयार केलाय त्याला. इतका सूक्ष्म प्रयोग... या अशा, या तक्तेवाल्याला जन्मात जमेल का?”

“आणि वर्षभर लढाई चालावी म्हणतो,” आई म्हणाली. भांडी आदळल्याचा आवाज आला. “खुशाल चालावी म्हणतो. माझ्या दारात!”

वेलांटीच्या हातात ते पत्र होतं. तेच पत्र, तीच तांबडी पेन्सिल, तेच चौघं. अक्षरसुद्धा बदललं नव्हतं, आणि अर्थ मात्र एका चहात चारही बाजूंनी उलटला होता. संध्याकाळपर्यंत काकांना कागदाचं बंडल आठवलं, तर तो आणखी एकदा उलटला असता. गेले तीन दिवस ती रात्री डोळे टक्क उघडे ठेवून विचारत होती, त्याच्या मनात काय असेल? पण या घरात त्याच्या मनात काय आहे हे शोधायला कुणी निघालंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, तिलाही ते इथे बसून कळणार नव्हतं. कळण्यासारखं एकच मन तिच्याजवळ होतं, आणि त्याबद्दल तिला कुणी एक शब्द विचारला नव्हता; तिने स्वतःही नाही.

ती बैठकीत परत आली आणि तिथल्या टेबलावरून तिने एक कोरं पोस्टकार्ड घेतलं. पाकीट मुद्दाम घेतलं नाही. वाचायचंच आहे तर वाचू दे सगळ्यांना. टपालवाल्याला, तपासनीसाला, साऱ्या पलटणीला. एका बाजूला तिने पत्ता घातला. दुसऱ्या बाजूला ना मायना, ना नमस्कार, ना मोजे. फक्त तीन शब्द.

*आपण लग्न करू.*

खाली: वेलांटी. शाई वाळावी म्हणून तिने कार्ड टेबलावर ठेवलं, तोवर चष्मेवाला उठून जवळ आला होता. त्याने ते उचललं, काचेला टेकेल इतकं जवळ धरलं, आणि हळूहळू त्याचा चेहरा उजळला. मग लाल झाला.

“मी... म्हणजे, इतक्या लवकर उत्तर मिळेल असं...” तो म्हणाला. “आई, ऐकलंस का? आपण लग्न करू, असं म्हणतायत या!”

“आता ‘आपण’च म्हणायचं एकमेकांना, हो,” त्याची आई डोळे बारीक करून म्हणाली. “चांगलं वळण आहे मुलीला.”

“पत्ता मागच्या बाजूला आहे,” वेलांटी म्हणाली.

त्याने कार्ड उलटलं. पलटणीचा आकडा वाचला, नाव वाचलं. तो खरंच सज्जन होता; त्याने कार्ड दोन्ही हातांनी तिला परत दिलं आणि म्हणाला, “अक्षर मात्र सुरेख आहे. लांबून वाचता येईल असं.”

एव्हाना स्वयंपाकघर सगळं बाहेर आलं होतं. आजोबांनी सवयीने हात पुढे केला, कार्ड घेतलं, सवयीनेच तांबडी पेन्सिल काढली. तीन शब्द त्यांनी एकदा वाचले. दुसऱ्यांदा वाचले. पेन्सिल ‘करू’वर जाऊन थांबली. ‘रू’ दीर्घ होता. कर्ता तोंड दाखवत होता. कुठे हात घालायला जागा नव्हती.

“अगं, पण त्याचा अर्थ तो नसला तर?” आत्या म्हणाली.

“त्याचा अर्थ तो सांगेल,” वेलांटी म्हणाली. “माझा हा आहे.”

“लोक वाचतील गं उघडं कार्ड!” काका म्हणाले.

“वाचू दे. आजवर बंद पाकिटातलं कोण वाचत नव्हतं?”

आईने खुंटीवरचा वेलांटीचा कोट काढून पुढे केला. “टपालाची गाडी निघायच्या आत जा,” एवढंच म्हणाली.  तिला दारातल्या टोपीवाल्या माणसाची भीती अजून वाटत होतीच. आयुष्यभर वाटत राहिली. पण कोट तिनेच दिला.

मग आठवडे गेले. झाडांची पानं गेली. नजरेचे तक्ते दुसरीकडे छापले गेले, आणि काका म्हणत राहिले की या घरात धंद्याची कुणाला चाड नाही. शिंपिणीच्या गल्लीत आणखी एकदा तो लष्कराचा माणूस येऊन गेला. त्या दिवशी आईने दुपारभर दाराला आतून कडी लावून ठेवली होती, जणू कडी लावली की बातमी बाहेरच राहील. वेलांटी जुळाऱ्याच्या खणापाशी उभी राहून रेशनच्या कूपनांचे मजकूर जुळवायची आणि टपालवाल्याच्या सायकलची घंटा वाजली की हातातला खिळा चुकीच्या खान्यात टाकायची. नंतर कित्येक दिवस कूपनांवर ‘साखर’ची ‘साखळ’ व्हायची, आणि आजोबा काही न बोलता दुरुस्त करायचे.

एका सकाळी घंटा वाजली तेव्हा बाहेर धुकं होतं. टपालवाल्याने पाकीट नेहमीप्रमाणे आजोबांना दिलं. आजोबांनी सवयीने सुरी उचलली. पाकिटावरचं नाव वाचलं. मग सुरी खाली ठेवून, न फोडलेलं पाकीट घेऊन ते खणापर्यंत स्वतः चालत गेले.

“तुझं आहे,” ते म्हणाले. असं ते पहिल्यांदाच म्हणत होते, म्हणून जरा अडखळले.

मग तेही जिन्याकडे सरकले; आता चौघंही पायऱ्यांवर उभी होती. वेलांटी पाठ करून वाचत होती.

*तुझं कार्ड माझ्याआधी सगळ्या छावणीने वाचलं,* त्याने लिहिलं होतं. *आमच्या अधिकाऱ्याने माझ्याशी हात मिळवला. खोटं कशाला सांगू? मी ‘आपण’ म्हणजे ‘तुम्ही’ असंच लिहिलं होतं. वाटलं, मी परत येईन न येईन, तू कशाला अडकून पडावंस. पत्र टाकलं आणि तासाभराने पिशवीतून परत काढायला गेलो, तर पहारेकऱ्याने हाकलून दिलं. पण तुझा अर्थ माझ्या अर्थापेक्षा चांगला आहे. तोच ठेवू या. ‘तू’ लिहिलं म्हणून आजोबांना राग आला तर सांग, आता लांबून मारता येणार नाही, घरी आल्यावर मारा.*

समास कोरा होता. एकही तांबडी खूण नव्हती. तपासनीसानेही एक ओळ खोडली नव्हती. वाचता वाचता खोडायचं विसरला की काय, कोण जाणे.

“काय म्हणतोय?” आत्याने पायरीवरून विचारलं. “कोणता ‘आपण’ होता?”

वेलांटीने पत्राची घडी घातली आणि एप्रनच्या खिशात ठेवली.

“‘तुम्ही’ होता,” ती म्हणाली. “आता ‘दोघं’ झालाय.”

“मी म्हटलंच होतं!” आजोबा म्हणाले.

“मी पण म्हटलं होतं!” आत्या म्हणाली.

“सर्वांत आधी कोण म्हणालं?” काकांनी विचारलं. “आठवा जरा. सूप वाढलेलं होतं, आणि मी—”

आणि ते खरंच होतं. ‘तुम्ही’ही प्रत्येकाने म्हटलं होतं, ‘दोघं’ही प्रत्येकाने म्हटलं होतं, त्यामुळे त्या दिवशी त्या घरात एकही माणूस चुकलेला नव्हता. पायऱ्यांवर आधी कोण, नंतर कोण यावरून वाद जुंपला, तो वर टेबलापर्यंत गेला. आई तेवढी खाली थांबली. काही न विचारता तिने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग तिने छापखान्याच्या दाराची आतली कडी काढून दार सताड उघडं टाकलं. धुकं आत आलं. वेलांटीने पुढचा खिळा उचलला. तो योग्य खान्यातून आला होता.